रात्री फ्लेअर उंच होतोय, विमान धपकन बसतंय, काय करू?

आपल्या कोल्हापूरचाच एक पोरगा आहे, बाहेरगावी फ्लाइंग स्कूलला सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करतोय. उतरताना शेवटच्या काही फुटांत नाक हळूच उचलून उतार मोडतात, त्याला फ्लेअर म्हणतात, राउंड-आउट हा त्याचाच पहिला भाग. त्याचा प्रश्न असा: "सर, दिवसा लँडिंग एकदम मस्त होतायत, सोलो क्रॉस-कंट्री पण झाली, पण नाईट सुरू झाल्यापासून दरवेळी फ्लेअर उंच होतोय आणि विमान वरूनच खाली बसतंय. इन्स्ट्रक्टर म्हणतात सवय होईल. सवय म्हणजे नेमकं काय करायचं? आणि माझ्या डोळ्यांत काही दोष आहे का?"

पहिल्यांदा डोळ्यांचं बोलतो, कारण तुला खरी भीती त्याचीच वाटतेय असं दिसतंय. क्लास वन मेडिकल (पायलटची वैद्यकीय तपासणी) झालेलं आहे, दिवसा नीट उतरतोस, मग डोळे खराब असायची शक्यता कमी. पण काही जणांना अंधारात नंबर थोडा बदलतो, लांबचे दिवे जरा पसरट दिसतात, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना "रात्री लांबचं धूसर दिसतं का ते बघा" असं स्पष्ट सांगून एकदा तपासून घे. मनात शंका ठेवून उडू नकोस, एवढ्यासाठीच सांगतोय. बाकी तुझा जो त्रास आहे तो नाईट शिकणाऱ्या बहुतेक पोरांना होतो, आणि त्याचं कारण ठरलेलं आहे.

तू फायनलवर, म्हणजे उतरण्यासाठी रनवेच्या सरळ रेषेत, येतोस, लँडिंग लाईट चालू आहे, खाली सगळं काळं. मग शेवटच्या काही फुटांत त्या लाईटच्या उजेडात रनवेचा एक तुकडा अचानक दिसायला लागतो, टायरचे काळे पट्टे, डांबराची खडी, सगळं सर्रकन पळत अंगावर येतं. इतका वेळ काहीच दिसत नव्हतं आणि एकदम एवढं दिसलं की मेंदूला वाटतं जमीन आली! हात आपोआप मागे ओढला जातो. प्रत्यक्षात चाकं अजून बरीच वर असतात, स्पीड मात्र संपत आलेला असतो, मग विमान तरंगत नाही, बसतंच. म्हणजे तुझा हात बरोबर काम करतोय, नजर चुकीच्या जागी आहे. अंधाऱ्या रस्त्यावर सायकलच्या पुढच्या चाकासमोरच बघत चालवलं तर सायकल जशी डुलते, तसंच हे आहे.

म्हणून पहिलं काम, त्या उजेडाच्या तुकड्यात बघायचंच नाही. थ्रेशोल्डचे, म्हणजे रनवेच्या सुरुवातीचे, हिरवे दिवे नाकाखाली जायला लागले की नजर उचल आणि रनवेच्या पार टोकाला, जिथे लाल दिवे आहेत तिथे नेऊन ठेव. तिथे बघत असताना दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या दिव्यांच्या रांगा डोळ्यांच्या कडेने दिसतातच, आणि उंची तुला त्याच सांगतात. वर असताना त्या दोन रांगा तुझ्यासमोर उभट दिसतात, लांबट आणि पुढे निमुळत्या होत गेलेल्या. जसा खाली येशील तशा त्या फाकत जातात, बाजूला सरकतात, चपट्या होतात. शेवटी जवळचे दिवे खिडकीच्या बाहेर खांद्याच्या बाजूने वर येताहेत असं वाटतं. फ्लेअरची वेळ तिथे आहे. टायरचे पट्टे स्पष्ट दिसायला लागले की राउंड-आउट सुरू करायचा असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही, पण ते पट्टे कडेच्या नजरेने टिपायचे असतात, त्यांच्याकडे टक लावायची नसते.

आता हे चित्र पाठ कसं करायचं? खूप सोपं आहे आणि पोरं करत नाहीत. टेकऑफसाठी लाईन-अप केलंस की टॉवरने घाई केली नसेल तर काही सेकंद टोकाकडे बघ. तुझे डोळे आत्ता जमिनीपासून जितके वर आहेत, जवळपास तितकेच ते टचडाऊनच्या क्षणी असणार आहेत. बाजूचे दिवे काचेला कुठे कापतात, टोकाचा लाल पट्टा डॅशबोर्डच्या किती वर दिसतो, रांगा किती फाकलेल्या आहेत, ते बघून ठेव. दहा मिनिटांनी उतरताना तुला हेच चित्र परत जमवायचंय. आमच्या वेळी मला हे शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरनी लाईन-अपवर डोळे मिटून ते चित्र आठवायला लावलं होतं आणि मगच थ्रॉटल पुढे करू दिला, मी आजही माझ्या पोरांकडून तेच करून घेतो.

दुसरं, थ्रॉटल. दिवसा तू बहुतेक फ्लेअरच्या आधीच पॉवर पूर्ण काढतोस. रात्री तसं करू नकोस. थोडी पॉवर ठेवूनच राउंड-आउट कर, विमान रनवेला समांतर झालं, चित्र जमलं, मग हळूहळू थ्रॉटल मागे आण आणि धरून ठेव, नाक वर, वर, वर, आणि बसू दे. समजा तुझा अंदाज दोन-चार फुटांनी चुकला, तरी पॉवर असल्यामुळे विमान सावकाश खाली येतं, पडत नाही. आणि फ्लेअर उंच झालाय हे कळलं तर नाक खाली टाकायचं नाही! जरासा थ्रॉटल देऊन आहे ती पोझिशन धर, नाहीतर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पूर्ण पॉवर देऊन परत वर. नाक खाली टाकणारे पोरगे मग नोज-व्हीलवर आपटतात आणि तिथून उड्या सुरू होतात.

पण खरं सांगू का, फ्लेअर हा नंतरचा भाग झाला. रात्रीचं लँडिंग वरच्या हजार फुटांत बनतं किंवा बिघडतं. दिवसा तू फायनलवर झाडं, घरं, रस्ता बघून "वर आहे, खाली आहे" ठरवतोस आणि तुला ते कळतही नाही. रात्री तो सगळा आधार गेला. आपल्या उजळाईवाडीचंच बघ की. विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा, पण नाईट लँडिंगची परवानगी यायला २०२२ उजाडलं. एका अंगाला गोकुळ शिरगाव एमआयडीसीचा झगमगाट, हायवेचे दिवे, आणि बाकी रान म्हणजे ऊस. उसाच्या रानात रात्री दिवा नसतो. अशा काळ्या पट्ट्यावरून समोर फक्त रनवेचे दिवे बघत आलास की डोळ्यांना वाटत राहतं आपण उंच आहोत, आणि माणूस नकळत खाली खाली येत जातो. याला ब्लॅक होल अप्रोच म्हणतात. १९६० च्या दशकात बोइंगमध्ये कॉनराड क्राफ्ट यांनी सिम्युलेटरवर याचा अभ्यास केला होता आणि त्यात चुकणारे नवखे नव्हते, मुरलेले पायलट होते. सगळं ठीक दिसत असताना ते रनवेच्या बरेच अलीकडे जमिनीला टेकण्याइतके खाली येत होते. म्हणून "मला तर बरोबर वाटत होतं" हे वाक्य रात्री कामाचं नाही.

मग आधार कशाचा घ्यायचा? पॅपी (उताराचा कोन दाखवणारे रनवेच्या बाजूचे दिवे) असेल तर पॅपी. चार दिवे, दोन पांढरे दोन लाल म्हणजे साधारण तीन अंशांच्या उतारावर बरोबर आहेस. तीन लाल झाले की लगेच सुधार, चार लाल दिसले आणि जमिनीजवळ असलास तर विचार न करता गो-अराउंड, कारण तुझ्या आणि रनवेच्या मध्ये काय उभं आहे ते तुला दिसत नाहीये. पॅपी नसेल किंवा बंद असेल तर आकडे. तीन अंशांचा हिशोब म्हणजे एका नॉटिकल मैलाला ३०० फूट. कोल्हापूरची उंची समुद्रसपाटीपासून जवळपास २००० फूट, म्हणजे तीन मैलांवर अल्टिमीटर साधारण २९०० दाखवायला पाहिजे, दोनवर २६००, एकवर २३००. तुझ्या एअरफील्डचे असे आकडे काढून नी-बोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर) मोठ्या अक्षरात लिहून ठेव. आणि खाली यायचा वेग, ग्राउंड स्पीडला पाचने गुण. ६५ नॉट असेल तर मिनिटाला सव्वातीनशे फूट. व्हीएसआय (वर-खाली जायचा वेग दाखवणारं यंत्र) सातशे दाखवत असेल आणि तुला "छान चाललंय" वाटत असेल तर व्हीएसआयचं ऐक.

सेसना १७२ वर फायनलला ६५ नॉट, ट्रिम केलेलं, चेकलिस्ट झालेली, ५०० फुटांवर सगळं स्थिर. तिथे स्थिर नसेल तर पुढे जायचं नाही, परत फिरायचं. हे मी दिवसाही सांगतो, पण दिवसा एखादा वेडावाकडा अप्रोच तू सावरून नेतोस, रात्री सावरायला जे दिसावं लागतं तेच नसतं.

रनवेची रुंदीही फसवते. ३० मीटरच्या रनवेची सवय असेल आणि ४५ मीटरच्या रनवेवर गेलास तर तू खाली आहेस असं वाटेल, फ्लेअर आणखी उंच होईल. अरुंदवर उलटं. तू स्कूल बदललंय किंवा नाईटसाठी दुसऱ्या एअरफील्डवर जातोयस का ते लिहिलं नाहीस, तसं असेल तर हेही कारण असू शकतं.

डोळ्यांच्या कामाबद्दल थोडं समजून घे, कारण ते समजलं की "सवय" शब्दाला अर्थ येतो. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी, एक रंग आणि बारकावे बघणाऱ्या, त्या अगदी मध्यभागी दाटलेल्या, आणि दुसऱ्या मंद उजेडात काम करणाऱ्या, त्या कडेला. मध्यभागी या दुसऱ्या पेशी नसतातच. म्हणजे अंधारात ज्या गोष्टीकडे तू सरळ रोखून बघशील नेमकी तीच दिसेनाशी होते. बघायचं तर पाच-दहा अंश बाजूला बघायचं. सुट्टीला घरी आलास की पन्हाळ्याच्या बाजूला दिवे नसलेल्या जागी थांब, एक फिकट तारा पकड, सरळ बघ, जाईल, जरा बाजूला बघ, येईल. तिथेच एखाद्या लांबच्या एकट्या दिव्याकडे टक लावून बघ. रात्रीची लाईट आली म्हणून उसाला पाणी पाजायला गेलेल्या कुणाची बॅटरी असेल, शेतातला बल्ब असेल. दहा-पंधरा सेकंदांत तो दिवा हलल्यासारखा वाटायला लागेल. तो हलत नाहीये. विमानात हाच दिवा तुला दुसरं विमान वाटू शकतो आणि तू त्याला चुकवायला वळू शकतोस. म्हणून नजर फिरती ठेवायची, कुठेच चिकटवायची नाही.

आणि अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, बिघडायला एक सेकंद. सॉर्टीच्या (उड्डाणाच्या) आधी एप्रनवर, विमानं उभी असतात तिथे, उभं राहून व्हॉट्सॲप बघणारी पोरं मी रोज बघतो, ते बंद कर. कॉकपिटचे दिवे वाचता येईल एवढेच ठेव, जी-१००० वर (काट्यांऐवजी स्क्रीन असलेल्या कॉकपिटमध्ये) उडत असशील तर स्क्रीनचा ब्राईटनेस कमी कर. सिगारेट ओढत असशील तर रात्रीची नजर त्याने आधीच कमी झालेली असते, हे डॉक्टर म्हणून नाही, इन्स्ट्रक्टर म्हणून सांगतोय.

आता कानाबद्दल, आणि हे मला लँडिंगपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. टेकऑफनंतर रनवेचे दिवे नाकाखाली गेले की समोर काहीच नसतं. त्याच वेळी विमान वेग घेतंय, तुझी पाठ सीटला दाबली जातेय, आणि आतल्या कानाला वेग वाढणं आणि नाक वर जाणं यातला फरक कळत नाही. त्याला वाटतं नाक फार वर गेलंय, आणि हात नाक खाली दाबायला लागतो, जमीन तीनशे फुटांवर असताना. गो-अराउंडला तर हे दुप्पट होतं, कारण फ्लॅप खाली, ट्रिम मागे, आणि एकदम पूर्ण पॉवर दिली की १७२ चं नाक खरंच वर उसळतं, त्यात कानाची भर. म्हणून रोटेट केलं, म्हणजे टेकऑफला नाक उचललं, की लगेच नजर आत, ॲटिट्यूड इंडिकेटरवर (नाक किती वर, पंख किती कललेत ते दाखवणारं यंत्र), पंख सपाट, नाक ठरलेल्या खुणेवर, अल्टिमीटर वाढतोय, व्हीएसआय वर, स्पीड बरोबर, आणि ५०० फुटांपर्यंत वळायचं नाही, कुणाशी गप्पा नाहीत.

फक्त ॲटिट्यूड इंडिकेटर बघूनही भागत नाही. १ जानेवारी १९७८ ला सांताक्रूझवरून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं जम्बो, "एम्परर अशोक", टेकऑफनंतर दोन मिनिटांच्या आत बांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ माणसं गेली. कॅप्टनच्या बाजूचा इंडिकेटर विमान उजवीकडे कललंय असं दाखवत अडकला, त्यांनी ते सरळ करायला डावीकडे कलवत नेलं, बाहेर काळा समुद्र, क्षितिज नाही. को-पायलटकडे वेगळा इंडिकेटर होता, स्टँडबाय होता. तुझ्या छोट्या विमानात टर्न कोऑर्डिनेटर आहे, हेडिंग आहे. पंख सपाट असतील तर हेडिंग हलायला नको. हे दोन-तीन एकमेकांशी ताडून बघायची सवय सर्किटमध्येच (रनवेभोवतीच्या सरावाच्या फेरीत) लाव, कारण ती अडचणीच्या वेळी नव्याने शिकता येत नाही.

सर्किटबद्दल जास्त सांगत नाही, दिवसाचंच आहे, फक्त वळणं वीस अंशांच्या वर नेऊ नकोस आणि डाऊनविंड (रनवेला समांतर भाग), बेस (त्यानंतरचा आडवा भाग) हेडिंग बघून उड, दिवे बघून नाही. हायवेची रांग तिरकी असते, तिच्याशी पंख जुळवत बसलास तर विमान तिरकं उडेल. बेसवरून रनवे जवळ वाटतो आणि सेंटरलाईन ओलांडली जाते, तेव्हा फायनलचं हेडिंग आधीच बगने (हेडिंगवर लावायच्या खुणेने) लावून ठेव.

हवामान मात्र नीट बघ. दिवसा ढग दिसतो, रात्री तो दिसत नाही, फक्त खालचे दिवे एकेक करून विझल्यासारखे होतात. तसं झालं किंवा दिव्यांभोवती धूसर कडं दिसायला लागलं तर लगेच परत फिर. आपल्याकडे थंडीत नदीकाठाला धुकं उतरतं, त्यात कारखान्यांचा सीझन, गुऱ्हाळं, पेटवलेला पाला, धूर वाऱ्याअभावी खालीच बसून राहतो. मेटारमध्ये (विमानतळाच्या हवामान अहवालात) तापमान आणि ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला दव पडतं ते) यांच्यात दोन-तीन अंशांचाच फरक उरला असेल आणि वारा पडला असेल तर इन्स्ट्रक्टरला स्वतःहून विचार. खाली वारा शांत म्हणून वरही शांत असं समजू नकोस, रात्री हजार फुटांवर चांगला जोर असू शकतो आणि शेवटच्या दोनशे फुटांत तो निघून गेला की स्पीड पडतो.

टॉर्च दोन ने, एक बाहेरची तपासणी करायला पांढरी, एक आत मंद. खिशात नको, गळ्यात. अल्टरनेटर गेला तर बॅटरीवर साधारण अर्धा तास धर, म्हणून दर काही मिनिटांनी अ‍ॅमीटर बघायचा. लो-व्होल्टेज दिसलं तर चेकलिस्टप्रमाणे एकदा रीसेट, नाही आलं तर नको ते बंद, टॉवरला सांग आणि उतर. आणि लँडिंग लाईट न लावता उतरायचा सराव इन्स्ट्रक्टरसोबत आवर्जून कर, बल्ब कधीही जातो. तुझ्या बाबतीत तर ते औषध आहे, कारण तो उजेडाचा तुकडाच नसेल तर तू त्यात बघणार कसा? नजर आपोआप टोकाकडे जाते. माझ्याकडची कितीतरी पोरं लाईट बंद करून पहिल्यांदा नीट उतरली आणि मग लाईट लावल्यावरही तसंच उतरायला लागली.

सीपीएलला नाईटचे ५ तास, त्यात पायलट-इन-कमांड म्हणून १० टेकऑफ आणि १० लँडिंग लागतात हे तुला माहीतच आहे, आणि पुढे १२० नॉटिकल मैलांची नाईट क्रॉस-कंट्री टेस्ट. तास भरण्याच्या घाईत एकट्याने तेच उंच फ्लेअर घोटू नकोस भावा, घोटलेलं सुटायला फार वेळ लागतो. पुढच्या सॉर्टीला इन्स्ट्रक्टरना असं सांग: दिवस मावळायच्या जरा आधी निघूया, उजेड कमी होत जाताना सर्किट मारत राहूया, म्हणजे दिवसाचं चित्र हळूहळू रात्रीच्या चित्रात बदलताना मला दिसेल. पहिलं लँडिंग तुम्ही करा, माझे हात हलकेच कंट्रोलवर, मी फक्त टोकाकडे आणि बाजूच्या दिव्यांकडे बघतो. मग एक लो-अप्रोच, रनवेवरून थोडी पॉवर ठेवून, न टेकता टोकापर्यंत समांतर, म्हणजे ते चित्र डोळ्यांसमोर एका सेकंदाऐवजी चांगला वेळ राहील. मग लाईट बंद करून एक तुमच्यासोबत. त्यानंतर मी. बहुतेक इन्स्ट्रक्टर याला नाही म्हणत नाहीत, रनवे लांब असेल आणि ट्रॅफिक नसेल तर नक्कीच नाही. झालं की कसं झालं ते कळव, आणि तेव्हा फ्लेअर नेमका किती उंच होत होता, पॉवर कधी काढलीस आणि नजर कुठे होती, हे तिन्ही लिही, म्हणजे पुढचं सांगता येईल.